गोंडी : बोली आणि लिपी
द्राविडी कुळातील भाषा. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ या जिल्ह्यांत आणि शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणात बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची नोंद सुमारे ३० लाख आहे. आठव्या अनुसूचीत मात्र गोंडी नाही. भंडाऱ्याकडे ती मराठी, झाडीबोली आणि हिंदीच्या गराड्यात असली तरी तिचे नाते तेलुगूशी आहे. उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग असे पाचपर्यंत मोजले की ते कानालाच कळते.

बोलीभेद बरेच आहेत. उत्तरेकडे, मंडला-बैतूलच्या बाजूला, शब्दारंभी ‘स’ येतो. बस्तरच्या मुरिया बोलीत त्याचा ‘ह’ होतो. आणखी दक्षिणेला, डोंगरी माडिया बोलीत, तो गळूनच जातो. मिठाला सव्वोर, होवर आणि ओवर म्हणणारे तिघे एकच भाषा बोलत असतात, पण एकमेकांचे बोलणे त्यांना सहज उमजेलच असे नाही.

लिपी नव्हती, हा समज चुकीचा. भंडाऱ्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी रचली. तिचा वर्णक्रम देवनागरीसारखा आहे. दुसरी, गुंजाला लिपी, आदिलाबाद भागातील गुंजाला गावच्या हस्तलिखितांत सापडली. तिची व्यंजने य, व, ब, भ, म अशी सुरू होतात, म्हणजे तिचा वर्णक्रम देवनागरीचा नाही. युनिकोडमध्ये मसराम लिपी २०१७ साली आणि गुंजाला २०१८ साली आली. व्यवहारात लिहिणारे बहुतेक जण देवनागरी किंवा तेलुगू लिपीच वापरतात. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी गोंडी व्याकरण-कोशाचे मोठे काम केले. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र विद्वानांनी स्वीकारलेला नाही.

चीनमधील यी भाषेतही बोली अशाच एकमेकींपासून दुरावलेल्या. तिथे १९८० मध्ये सरकारने लियांगशानची एक बोली प्रमाण धरून ८१९ चिन्हांची अक्षरमाला ठरवली. गोंडीत लिप्या दोन, पण कोणती बोली प्रमाण मानायची हा प्रश्न सुटलेला नाही. अनेक राज्यांत विखुरलेल्या भाषकांसाठी तो लिपीपेक्षा अवघड आहे.

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडला (१९९९ पर्यंत भंडारा जिल्हा) निरनिराळ्या राज्यांतले गोंड भाविक जमतात, तेव्हा या बोली शेजारी शेजारी ऐकू येतात. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या मान्यतेचा वाद न्यायालयात गेला.