टाळेबंदीतील महाकाव्ये आणि स्थळकथा : शिरूर-दौंड परिसर, २०२०

प्रस्तुत लेखात २०२० च्या टाळेबंदीतील दूरदर्शन मालिका व शिरूर-दौंड परिसरातील स्थानिक कथापरंपरा यांचा एकत्र विचार केला आहे.

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. तोच गुढीपाडव्याचा दिवस होता. एरवी या सुमारास गावोगावच्या यात्रा समित्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या राहुट्यांत तमाशाच्या सुपाऱ्या ठरवितात. त्या चैत्रात यात्राच भरल्या नाहीत. २८ मार्चपासून मात्र दूरदर्शनने रामानंद सागर यांच्या १९८७-८८ मधील ‘रामायण’ मालिकेचे पुनःप्रसारण आरंभिले. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी प्रेक्षकांनी पाहिला, असा दावा दूरदर्शनने केला. आकडा वादग्रस्त ठरला, तरी नोंदला गेला.

रांजणगाव (ता. शिरूर) येथे त्रिपुरासुराच्या वधापूर्वी शंकराने गणेशाची आराधना केली, अशी कथा आहे. दौंड तालुक्यातील शिरापूरहून भीमा ओलांडली की सिद्धटेक लागते; मधु-कैटभांच्या वधासाठी विष्णूला सिद्धी लाभली ती तेथे, असे सांगतात. या कथाही पौराणिकच. परंतु त्या स्थळाशी बांधलेल्या असून यात्रेकरूंच्या वाटेवर सांगितल्या-ऐकल्या जातात. राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली, तोवर ही वाटच बंद होती.

तमाशा फडांचे नुकसान याहून थेट होते, कारण त्यांची मुख्य मिळकत यात्रांच्या हंगामातच होते. प्रेक्षकसंख्येच्या कोष्टकात त्याची नोंद नाही. ती असलीच तर यात्रा समित्यांच्या वह्यांत, दिलेल्या वा परत घेतलेल्या इसाराच्या रूपाने असेल. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी प्रथम या वह्या मिळवाव्यात.