अनोळखी वाचकासाठी ठेवलेले कूट

बंगळूर येथील सर्वार्थसिद्धि संघाने १९५३ साली ‘सिरिभूवलय’ हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हा भारतीय भाषांच्या ग्रंथेतिहासात क्वचितच घडणारी एक गोष्ट घडली. या ग्रंथाच्या मूळ संहितेत अक्षर असे एकही नाही. सत्तावीस आडव्या व सत्तावीस उभ्या ओळींचे चौकोन, आणि त्यांतील ७२९ घरांपैकी प्रत्येकात १ ते ६४ यांपैकी एक आकडा, एवढेच तिचे दृश्य रूप आहे. कुमुदेंदु नामक जैन मुनीची म्हणून सांगितली जाणारी ही रचना दोड्डबेले येथील धरणेंद्र पंडितांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली होती. तेथून ती येल्लप्पा शास्त्री यांच्या हाती आली आणि कर्लमंगलम् श्रीकंठय्य यांच्या साहाय्याने त्यांनी तिचे वाचन सिद्ध केले. एका घराण्याच्या पेटीतील कूट अशा रीतीने सार्वजनिक झाले. ज्याला अंक ओळखता येतात अशा कोणाही अनोळखी माणसाने ते सोडवून पाहावे, असे जणू ते आवाहनच होते.

या घटनेचा विचार आजवर बहुधा दोनच अंगांनी झाला. श्रद्धाळूंनी तिच्याकडे चमत्कार म्हणून पाहिले, संशयवाद्यांनी भ्रम म्हणून. परंतु ज्याला साहित्याचा इतिहास लिहावयाचा आहे, त्याच्यापुढील प्रश्न या दोहोंहून निराळा आहे. मजकूर लपवावयाचा आणि तरीही तो सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवावयाचा, या परस्परविरोधी वाटणाऱ्या कृतीमागील हेतू कोणता? आणि अशा मजकुराचा उलगडा झाला असे कोणी म्हटले, तर ते खरे मानण्याची कसोटी कोणती?

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. परक्यांपासून लपविलेले लेखन वेगळे आणि परक्यांसाठी लपविलेले लेखन वेगळे. पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण मराठीत महानुभाव पंथाचे आहे. चौदाव्या शतकात रवळोबासांनी रूढ केलेली सकळ लिपी आणि तिच्या जोडीने निर्माण झालेल्या सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्या यांचा हेतू पंथाचे ग्रंथ बाहेरच्यांच्या दृष्टीआड ठेवणे हाच होता. तो हेतू इतका सफल झाला की, म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’सारखा तेराव्या शतकातील गद्यग्रंथ शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली, आणि पुढे वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने प्रभृतींच्या परिश्रमाने ते वाङ्मय सर्वांस खुले झाले. येथे उकल करणारा वाचक लेखकाला अपेक्षित नव्हता. किंबहुना त्याने येऊ नये म्हणूनच ते कुलूप होते.

लपविण्यासाठी लिपी बदललीच पाहिजे असेही नाही. वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या कानडी लिपीतील ताडपत्री प्रती मूडबिद्रीला अनेक शतके केवळ दर्शनासाठी राहिल्या. भक्त त्यांना वंदन करीत, त्या वाचीत मात्र कोणी नसे. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड १९३९ साली विदर्भातील अमरावतीहून प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे ती विद्वानांच्या हाती पडली. कुमुदेंदूचे नाते याच वीरसेनांच्या परंपरेशी सांगितले जाते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मूडबिद्रीची संहिता सरळ होती, पण ती कडीकुलपात होती. बंगळूरची संहिता कूट होती, पण ती दुकानात विकत मिळत होती. दोहोंत अधिक गुप्त कोणती, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे परक्यांसाठी मांडलेल्या कूटाची, बंगळूरला एक जुनी परंपरा आहे आणि ती मराठी इतिहासाशी निगडित आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबरच्या स्वारीत केंपेगौडाकडून बंगळूर घेतले गेले आणि ते शहाजीराजांचे ठाणे झाले. त्यांच्या विद्वत्सभेचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आले आहे. सकळ लिपी उलगडणाऱ्या राजवाड्यांनीच शके १८४४ मध्ये हा चंपू विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. नाशिक प्रांतातून आलेल्या या कवीने राजांपुढे बारा नारळ ठेवले. त्यांचा अर्थ त्याला बारा भाषांत काव्य करता येते असा होता. ती भेट हेच एक कूट होते. पुढे सभेत त्याला समस्या घालण्यात आल्या आणि त्याने त्यांची पूर्ती केली. आधीचे उल्लास संस्कृतात आहेत. अखेरीस निरनिराळ्या देशभाषांतील रचनांचा भाग जोडलेला आहे.

समस्यापूर्ती हा प्रकार आज आपण मनोरंजनात गणतो. तथापि त्याची रचना विचारात घेण्यासारखी आहे. समस्या घालणारा श्लोकाचा एकच चरण देतो; तो चरण वरकरणी असंभाव्य किंवा निरर्थक असतो, आणि उरलेले चरण रचून त्याला अर्थ प्राप्त करून देणे हे परक्या कवीचे काम असते. उत्तर एकच असावे असा आग्रह नसतो. मात्र ते छंदात बसले पाहिजे, दिलेल्या चरणाला मिळाले पाहिजे आणि भर सभेत ऐकणाऱ्यांना पटले पाहिजे. कोणी एकाने मनात उत्तर जुळविले आणि इतरांनी त्यावर विश्वास ठेवला, असे तेथे चालत नसे. सभा ही केवळ श्रोत्यांची गर्दी नव्हे; ती परीक्षकांची मंडळी होती.

दरबाराबाहेर, अगदी मोकळ्या जागी, हेच कार्य दगडाने केलेले आढळते. माळव्यात धार, उज्जैन आणि ऊन येथे परमार राजांच्या काळातील सर्पबंध शिलालेख आहेत. नागाच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला व धातूंचे प्रत्यय कोरलेले आहेत. वेटोळ्याचा मार्ग ज्याला सापडला, त्याला व्याकरणाचा एक पाठ मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी धार संस्थानातील शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी धारेच्या लेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. खजुराहो येथील पार्श्वनाथ मंदिराच्या दारावर सोळा घरांचे एक अंकयंत्र कोरलेले आहे. त्याची पहिली ओळ ७, १२, १, १४ अशी आहे. आडवी, उभी वा कर्णाची कोणतीही ओळ घ्या, बेरीज ३४ येते. येथे सांगणारा कोणी नाही, गुरू नाही, टीकाही नाही. दारातून जाणारा कोणताही यात्रेकरू बेरीज करू शकतो, आणि केली की तिची सत्यता त्याला तिथल्या तिथे पटते. कूटाची किल्ली कूटातच ठेवलेली आहे. अनोळखी माणसावर याहून अधिक विश्वास टाकणे शक्य नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन ‘सिरिभूवलया’कडे परत वळले पाहिजे. त्यातील संकेत मुळात गहन नाही. १ ते २७ हे स्वर आहेत, म्हणजे नऊ स्वर व त्यांचे ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत असे तीन भेद. २८ ते ५२ ही पंचवीस वर्गीय व्यंजने, ५३ ते ६० ही आठ अवर्गीय, आणि शेवटचे चार योगवाह. अशी चौसष्टांची मोजणी पुरी होते. आकड्यांची अक्षरे झाली, तरी ती कोणत्या क्रमाने वाचावयाची हा प्रश्न उरतो. त्यासाठी ‘बंध’ म्हणून मार्ग सांगितले आहेत: चक्रबंध, हंसबंध, पद्मबंध इत्यादी. ठरलेल्या मार्गाने गेले की कानडी सांगत्य छंदातील पद्ये मिळतात. या पद्यांची आद्याक्षरे वरून खाली वाचली असता प्राकृत रचना, आणि मधली अक्षरे तशीच वाचली असता संस्कृत रचना हाती येते.

येथपर्यंतचा भाग खजुराहोच्या यंत्राप्रमाणे तपासता येतो. चौकोन छापलेले आहेत, वर्णांचा तक्ता छापलेला आहे, मार्ग सांगितलेला आहे. अविश्वास वाटणाऱ्याने पेन्सिल घेऊन बसावे. हे वाचन येल्लप्पा शास्त्र्यांच्या शब्दावर अवलंबून नाही, आणि म्हणूनच ते त्यांचे खरे यश होय. परंतु ग्रंथाची कीर्ती झाली ती एवढ्यावर नव्हे. त्यात ७१८ भाषांतील वाङ्मय सामावले आहे, मराठीही त्यांतच आहे, शिवाय सर्व शास्त्रे त्यात आहेत, आणि हा सर्व संग्रह नवव्या शतकातील राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळचा आहे, असे दावे पुढे आले. हे दावे खरे असते तर केवळ कानडीचाच नव्हे, तर मराठीचाही वाङ्मयेतिहास पहिल्या पानापासून नव्याने लिहावा लागला असता.

याच सुमारास, १९५७ मध्ये, विल्यम आणि एलिझेबेथ फ्रीडमन या अमेरिकन गुप्तलिपितज्ज्ञ दांपत्याने शेक्सपियरच्या नाटकांत दडलेल्या कथित संदेशांची परीक्षा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या नाटकांत फ्रान्सिस बेकनची गुप्त सही आहे असे सिद्ध करण्यासाठी इग्नेशियस डॉनेलीपासून अनेकांनी आयुष्ये वेचली होती. फ्रीडमन दांपत्याने त्यांची टर उडविली नाही. त्यांनी काही साधे प्रश्न विचारले: उकललेला मजकूर भाषेच्या नियमांना धरून आहे काय? किल्ली सर्वत्र सारखीच लावली आहे काय? आणि तीच किल्ली घेऊन दुसरा माणूस त्याच उत्तरापर्यंत पोचतो काय? या परीक्षेत एकही कथित संदेश टिकला नाही.

हेच प्रश्न ‘सिरिभूवलया’ला विचारले असता ग्रंथाचे दोन भाग पडतात. ठराविक बंधाने मिळणारी कानडी पद्ये आणि त्यांतून निघणारे प्राकृत-संस्कृत स्तंभ हे पहिल्या भागात येतात. शेकडो भाषांचा दावा दुसऱ्या भागात येतो. कारण तेथे मार्गही बदलावयाचा, भाषाही बदलावयाची, आणि कोणता मार्ग कोणत्या भाषेसाठी हे वाचकानेच ठरवावयाचे. याचा अर्थ आकड्यांनीच समजून घेता येईल. चौकोनाच्या मध्यावरील एका घरापासून निघून दर पावलाला शेजारच्या आठ घरांपैकी कोठेही जाण्याची, आणि आलेल्या घरी परत येण्याचीही मुभा ठेवली, तर केवळ दहा अक्षरांचा मजकूर १३ कोटी ४२ लाखांहून अधिक प्रकारांनी जुळविता येतो. इतक्या वाटांतून एखादा मराठी, तेलुगू वा तमिळ शब्द सापडणे हे आश्चर्य नव्हे. न सापडणे हेच आश्चर्य ठरेल. जे कूट प्रत्येक प्रश्नाला होकार देते, ते काहीच सांगत नाही. काळाविषयीही हेच म्हणावे लागते. ग्रंथाची भाषा आणि त्यातील सांगत्य छंद पाहता, तो नवव्या शतकाइतका प्राचीन मानण्यास अनेक कन्नड अभ्यासक तयार नाहीत.

यावरून ही रचना तुच्छ ठरते असे मात्र नाही. उलट, दाव्यांचे ओझे उतरविल्यावरच तिचे खरे मोल दिसू लागते. तीन भाषांची पद्यरचना एकमेकींत विणून ती आकड्यांच्या चौकोनात बसविणारा कवी, मग तो कोणत्याही शतकातील असो, असामान्य कारागीर होता. चित्रकाव्याला आपल्या काव्यशास्त्राने अधम ठरविले. मम्मटाने त्याची गणना तिसऱ्या प्रतीत केली. रसाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यही असेल. परंतु चित्रकाव्याचा वाचकाशी असलेला संबंध त्या निर्णयात लक्षात घेतलेला नाही. रसकाव्य सहृदयाची अपेक्षा करते, आणि सहृदय हा संस्काराने जवळचाच असतो. कूटाला असा जवळचा माणूस लागत नाही. त्याला केवळ प्रामाणिक आणि चिकाटीचा परका पुरतो.

बंगळूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांपाशी, मराठीच्या दोन लहान ओळी कोरलेल्या आहेत. शेजारी कानडी व तमिळ लेख आहेत. मूर्ती चावुंडरायाने करविली आणि भोवतालची ओवरी गंगराजाने बांधविली, एवढेच त्या मराठी ओळी सांगतात. दुसरी ओळ बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील मानली जाते. पहिलीच्या काळाविषयी मतभेद आहेत. कन्नड देशातील त्या जैन क्षेत्री दुरून येणाऱ्या मराठी यात्रेकरूसाठी जे सांगावयाचे होते, ते त्याच्या भाषेत, नागरी लिपीत, उघड लिहिले गेले. तीत कूट नाही, बंध नाही. मराठीच्या प्राचीनतेचा विचार करताना या दोन ओळींना प्रमाण म्हणून जे वजन आहे, ते चौकोनातून काढलेल्या हजारो ओळींना येऊ शकत नाही. कारण त्या ओळी कोणीही वाचल्या तरी तेच सांगतात.

सार्वजनिक जागी ठेवलेले कूट आणि सार्वजनिक जागी कोरलेला उघड लेख यांची अखेरची कसोटी अशा रीतीने एकच ठरते. शहाजीराजांच्या सभेत पूर्ती ऐकणारे पंडित, खजुराहोच्या दारात बेरीज करणारा यात्रेकरू आणि १९५३ नंतर ‘सिरिभूवलय’ उघडून बसलेला वाचक या सर्वांना एकच अधिकार दिलेला आहे, तो म्हणजे स्वतः पडताळून पाहण्याचा. ज्याने कूट रचले त्याने तो अनोळखी माणसाला देऊन टाकलेला असतो. उकल करणाऱ्याने तो परत आपल्याकडे घेऊ नये.