देशावरचे स्वयंपाकघर

देशावरच्या धाब्याच्या घरात स्वयंपाकघराची सारी रचना अग्नी, पाणी आणि धान्य यांच्या तजविजीने ठरलेली असे: भिंतीशी मातीची चूल, तिच्या उरल्या आचेवर वरण रटरटत ठेवणारा वैल, धूर निघून जाण्यासाठी धाब्यात राखलेले साणे, कोपऱ्यात थोरल्या मडक्यावर धाकटे असे रचत नेलेली उतरंड, आणि मांजराच्या आवाक्याबाहेर टांगलेले दुधादह्याचे शिंके. शेणाने सारवलेल्या त्या भुईवर पिढ्यानपिढ्या स्त्रियांचे डोळे धुराने चुरचुरले, हे त्या रचनेचे कौतुक करताना विसरता कामा नये. गरीब घरांतील स्त्रियांना स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी देणारी केंद्र सरकारची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, तेव्हाही असंख्य खेड्यांत हीच चूल पेटत होती. आज हौसेने गावठी थाटाचे स्वयंपाकघर बांधणाऱ्यांनी उतरंड, फडताळ अवश्य घ्यावे. परंतु साण्याची जागा आधी मुक्रर करावी.