खुडूक कोंबडीची कुळकथा

सातारा-सांगलीचा माणदेशी पट्टा जनावरांच्या जातींसाठी नावाजलेला आहे. खिलार बैलाची पारख खरसुंडीच्या जत्रेत होते, जतकडची माडग्याळी मेंढी गावाच्या नावाने ओळखली जाते, आणि शिंगाची ठेवण नि पायाची चाल पाहून वळू निवडणारी जाणती माणसे इथल्या गावोगावी आहेत. याच घरांच्या अंगणात डालग्याखाली झाकलेल्या कोंबडीला मात्र ना जत्रा मिळाली, ना नाव. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदणीत झाबुआकडची कडकनाथ आहे, आंध्राकडची असील आहे, महाराष्ट्र-गुजरात सीमेवरची बुसरा आहे. आपल्या गावरानला तिथे जागा नाही. त्यामुळे ती नुसती भेसळ आहे, तिच्यात राखण्यासारखा वाण कसला, असा समज पक्का झाला आहे. हा समज चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. गावरानचा वाण पिसांच्या रंगात शोधला तर सापडणार नाही. तो तिच्या खुडूक बसण्यात आहे, आणि घराघरांतून होणाऱ्या अंड्यांच्या व कोंबड्यांच्या देवाणघेवाणीत आहे.

कुळापासूनच सुरुवात करू. कोयना आणि चांदोलीच्या जंगलात पहाटे आरवतो तो राखी रानकोंबडा. गावरान त्याच्यापासूनच आली असे अनेकांना वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, 863 पक्ष्यांचा जनुकसंच तपासणाऱ्या अभ्यासाने पाळीव कोंबडीचे मुख्य मूळ तांबड्या रानकोंबड्यात, तेही नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या भागातल्या उपजातीत दाखवले. 2022 साली हाडांचा नव्याने अभ्यास झाला, तेव्हा सर्वांत जुनी खात्रीची पाळीव कोंबडी थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे निघाली, साधारण इसवी सनपूर्व 1650 ते 1250 या काळातली. तिथे भात आणि भरड धान्य पिकू लागले, आणि सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने पक्षी माणसाच्या वस्तीत आला. म्हणजे कोंबडी आपल्याकडे बाहेरून आली. पण इथे आल्यावर तिने काहीच घेतले नाही असे नाही. अंगणातल्या एखाद्या तलंगीच्या तंगड्या नीट पाहा. त्या पिवळ्या असतील, तर तो पिवळेपणा ठरवणारा जनुक राखी रानकोंबड्याकडून आला आहे, हे 2008 साली सिद्ध झाले. खाद्यातले पिवळे रंगद्रव्य कातडीत मोडले जाण्याऐवजी साठून राहते ते या जनुकामुळे. आज जगभरच्या कारखानी कोंबड्यांच्या अंगातही तोच जनुक आहे. कोंबडीच्या इतिहासात 'शुद्ध' असे काही कधी नव्हतेच. भेसळ हा आरोप असेल, तर तो ब्रॉयलरलाही लागू आहे. ब्रॉयलरचे पितृकूळ ज्या कॉर्निश जातीतून आले, ती इंग्लंडमध्ये आपल्याच असीलच्या रक्तातून घडवलेली.

आता सर्वांत मोठा आक्षेप. गावरान वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पिंजऱ्यातली संकरित कोंबडी तीनशेच्या वर. हा हिशेब खरा आहे, पण अपुरा आहे. गावरान बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग ती एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही. दिवसातून एकदा दाण्यापाण्याला उठली तर उठली. पिल्ले निघाली की पुढचे दीड-दोन महिने ती त्यांना पंखाखाली घेऊन, उकरून, घारीपासून वाचवत हिंडते. अशी एक फेरी तीन-साडेतीन महिन्यांची, वर्षात तीन, फार तर चार. अंडी कमी पडतात ती या कामामुळे. लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसाने निवड करकरून हे खुडूक होणेच काढून टाकले, म्हणून त्या अंडी घालत राहतात. त्यांच्या वाटचे उबवण्याचे काम यंत्र करते, आणि यंत्राचे, विजेचे, पिल्लांच्या खाद्याचे पैसे कोणीतरी भरतेच. ज्या घरात यंत्र नाही, तिथे खुडूक कोंबडी हेच यंत्र. ती गेली की दर खेपेला पिल्ले विकत आणण्यावाचून गत्यंतर नाही.

वाण टिकवण्याची दुसरी युक्ती बायकांनी चालवली. एकीची अंडी, दुसरीची खुडूक कोंबडी, निघालेली पिल्ले निम्मी-निम्मी. माहेराहून आणलेला नर. शेजारणीशी बदलून घेतलेला कोंबडा. याला कोणी पैदासशास्त्र म्हटले नाही, पण गणित त्यांच्या बाजूने आहे. नरांची आणि माद्यांची संख्या गुणून चौपट करायची आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे, म्हणजे कळपाची पैदाशीच्या दृष्टीने खरी संख्या मिळते. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असतील, तर अकरा पक्ष्यांचा हा कळप प्रत्यक्षात जेमतेम 3.6 पक्ष्यांइतका ठरतो; दुसरा नर ठेवला की आकडा 6.7 होतो. एकाच घराने कोंडून ठेवलेला कळप म्हणूनच काही पिढ्यांत खुजा होतो, त्याची अंडी गार निघतात. पण साऱ्या वाडीचे नर फिरते राहिले, तर वाडी मिळून एकच मोठा कळप होतो. या व्यवस्थेतला खरा दोष आखाडात दिसतो. त्या महिन्यात सर्वांत भरदार नराला सर्वांत चांगला भाव येतो, आणि पिल्लांचा बाप व्हायला जो योग्य, तोच आधी विकला जातो. मागे उरतो तो किरकोळ नर. दरवर्षी उलटी निवड होत राहिली, तर वाण हलका होणारच, आणि त्याचा दोष मात्र जातीच्या माथी बसतो.

सरकारी योजनांतून ऱ्होड आयलंड रेड आली, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आली. आता राखायला काय उरले, असेही विचारतात. संकर ज्याला हवा त्याने जरूर करावा. त्याने वजन आणि अंडी दोन्ही वाढतात. पण तो वाढीव गुण पुढच्या पिढीत विस्कटतो, आणि खुडूक होणेही पातळ होत जाते. म्हणून मिसळलेल्या कळपातही जी कोंबडी नीट बसते, पिल्ले जगवते, तिचीच अंडी उबवायला ठेवली, तर वाण पुन्हा हाती येतो. नाव असलेली जात आणली की प्रश्न सुटतो असेही नाही. 2018 साली कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2019 साली इस्लामपूरच्या एका कंपनीची कडकनाथ योजना कोसळून हजारो शेतकरी बुडाले. पक्ष्याचा त्यात काही अपराध नव्हता. पिल्ले, खाद्य आणि खरेदी या तिन्ही दोऱ्या एकाच हातात होत्या. तो हात निघाला आणि खुराडी रिकामी झाली. आणि दुर्लक्षित जनावरात काय दडलेले असते, याचा दाखला फलटणला आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या चिमुकल्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' घडवली. गारोळ कोणी राखलीच नसती, तर तो जनुक आणायचा कुठून?

मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, आक्षेप मात्र खरा आहे. एका साथीत आख्खी वाडी मोकळी होते, आणि तिच्यापुढे गावरानचा काटकपणा फारसा चालत नाही. लस आहे, पण एक कुपी शंभरावर पक्ष्यांसाठी असते आणि कालवल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून दहा पिल्लांचे घर ती घेत नाही. हे काम वाडीने एकत्र करायचे आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब द्या, आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून घ्या. दोन नर ठेवा, वर्षाआड एक शेजारच्या गावाशी बदला, आणि आखाडात गिऱ्हाईक कितीही भाव देवो, सर्वांत चांगला कोंबडा विकू नका.