‘अनकूथ’ डिक्शनरीत आहे, मग ‘कूथ’ कुठे गेला? इंग्रजीतून हरवलेल्या एका शब्दाची गोष्ट

इंग्रजीत एखाद्याला ‘अनकूथ’ म्हटलं की समजायचं, माणूस असभ्य आहे, गावंढळ आहे, चारचौघांत कसं वागावं हे त्याला कळत नाही. मग ज्याला हे सगळं कळतं त्याला ‘कूथ’ म्हणायचं का? ‘हॅपी’ आणि ‘अनहॅपी’ची जोडी जमते, तशी हीसुद्धा जमायला हवी. पण असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर चेष्टेत. (मराठी कानाला ‘कूथ’ ऐकून भलतंच काही आठवतं, तो भाग वेगळा.)

गंमत म्हणजे हा शब्द एकेकाळी खरोखर होता. फक्त त्याचा सभ्यतेशी काही संबंध नव्हता.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘कुन्नान’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ जाणणं, माहीत असणं. आजचं ‘कॅन’ त्याचंच रूप. त्यापासून बनलेलं विशेषण म्हणजे ‘कूथ’: माहितीतला, ओळखीचा. आणि ‘अनकूथ’ म्हणजे अनोळखी. बस्स, इतकंच. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात राक्षसिणीच्या तळ्याकडे जाणारी वाट ‘अनकूथ’ आहे. वाट असभ्य कशी असेल? ती अनोळखी आहे, म्हणून भीती वाटते.

आता मराठी वाचकांसाठी खास गोष्ट. संस्कृतमधला ‘ज्ञा’ धातू, मराठीतलं ‘जाणणं’, इंग्रजीतलं ‘नो’ आणि हा ‘कूथ’ हे सगळे एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेत. म्हणजे ‘ज्ञात’ आणि ‘कूथ’ लांबचे चुलतभाऊ. पुढे नकाराचा ‘अ’ किंवा ‘अन’ लावला की ‘अज्ञात’ आणि ‘अनकूथ’ तयार. कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही, दोघांचं घराणंच एक. जर्मनमध्ये गिऱ्हाईकाला ‘कुंडे’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. त्याचा मूळ अर्थ ओळखीचा माणूस. आपल्याकडे दुकानदार ‘नेहमीचं गिऱ्हाईक’ म्हणतो, तसंच काहीसं.

मग बिनसलं कुठे?

एका दिवसात नाही. 1579 साली एडमंड स्पेन्सरचा ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ हा कवितासंग्रह आला. त्याची प्रस्तावना ‘अनकूथ’ याच शब्दाने सुरू होते आणि तिथे अर्थ आहे अनोळखी. नवा कवी, कुणाला माहीत नाही, मग त्याचं कौतुक कोण करणार, असा मुद्दा. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये एक जंगल ‘अनकूथ’ आहे. तिथे मात्र अनोळखी म्हणा नाहीतर रानटी, दोन्ही चालतं. हाच तो निसरडा टप्पा. अनोळखी ते विचित्र, विचित्र ते ओबडधोबड, ओबडधोबड ते असभ्य.

यात त्या अनोळखी माणसाने काहीच केलेलं नाही. तो फक्त आपल्या ओळखीचा नव्हता.

असं नशीब आलेला हा एकटाच शब्द नाही. ‘व्हिलन’ मुळात शेतावर राबणारा माणूस होता, तो खलनायक झाला. मराठीनेही हेच केलं. ‘गावंढळ’मध्ये ‘गाव’ सरळ दिसतं. ‘ग्राम्य’चा अर्थ खरं तर गावातला, पण संस्कृत काव्यशास्त्रात तो चक्क दोष मानला गेला. उलट नगरात राहणारा तो ‘नागर’, म्हणजे सुसंस्कृत. लेखणी कुणाच्या हातात होती, हे वेगळं सांगायला नको.

इकडे ‘कूथ’चं काम ‘नोन’ या शब्दाने काढून घेतलं आणि तो वापरातून गेला. मूळ अर्थाची आठवण करून देणारा जोडीदारच उरला नाही, त्यामुळे ‘अनकूथ’ला भरकटायला मोकळं रान मिळालं असणार.

स्कॉटलंडमध्ये मात्र या कुटुंबाने वेगळाच संसार थाटला. तिथे ‘कूथी’ म्हणजे प्रेमळ, घरच्यासारखा. आणि ‘अनकूथ’चं आखूड रूप ‘अन्को’ आधी ‘विचित्र’ होतं, मग त्याचा अर्थ ‘खूप’ असा झाला. ‘भयंकर आवडलं’ म्हणताना आपल्याला कुठे भीती वाटत असते? कवी रॉबर्ट बर्न्सने तर ‘अन्को’ सज्जनांवर, म्हणजे अती सोवळेपणा मिरवणाऱ्यांवर, एक अख्खी कविता लिहून त्यांची खिल्ली उडवली.

इंग्रजीत ‘कूथ’ परतला तो थेट 1896 मध्ये. मॅक्स बीरबोम या तरुण विनोदी लेखकाने ‘अनकूथ’चा ‘अन’ काढून टाकला आणि ‘सभ्य’ या अर्थाने ‘कूथ’ वापरला. म्हणजे शब्द जुनाच, पण अर्थ उलट्या बाजूने शोधलेला.

मूळ ‘कूथ’चा एक नातलग मात्र अजून रोजच्या इंग्रजीत आहे. ‘किथ अँड किन’मधला ‘किथ’. त्याचा अर्थ नातेवाईकच, असं आज बऱ्याच जणांना वाटतं. नातेवाईक म्हणजे ‘किन’. ‘किथ’ म्हणजे आपला ओळखीचा मुलूख आणि तिथली ओळखीची माणसं.