अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा : किशोरवयातील उपचार

जेवण तोडत तोडत वजन धोक्याच्या पातळीपर्यंत खाली नेणारा मानसिक आजार. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 1870 च्या दशकात त्याला हे नाव दिले. मुलींमध्ये तो अधिक आढळतो, पण मुलांनाही होतो.

भारतात त्याचे रूप फसवे असू शकते. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच तरुणींच्या नोंदींत खाण्यास नकार, उलट्या, घटलेले वजन, बंद झालेली पाळी हे सारे होते. आपण जाड आहोत हा ग्रह मात्र नव्हता. अकोल्यात नीटच्या शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलीचा डबा तसाच परत जातो, सोमवार-चतुर्थीचे उपास वाढत जातात आणि घरच्यांना ती अभ्यासाने वाळली असे वाटते.

किशोरवयात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कुटुंबाधारित उपचाराला. 1980 च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात तो आकाराला आला. पहिल्या टप्प्यात जेवणाचा कारभार आईवडील हाती घेतात. भाकर, वरण-भात, वर तुपाची धार असे ताट वाढून आई शेजारी बसते. रागावणे नाही, उष्मांकांवर वाद नाही. पण ताट संपल्याशिवाय उठायचेही नाही. भाकरीचा तुकडा ओढणीत दडवला, तर शांतपणे दुसरा वाढायचा. दोष मुलीचा नाही आणि आईवडिलांचाही नाही, हे सर्वांना पटवणे हा उपचाराचाच भाग. वजन सावरले की खाण्याची सूत्रे हळूहळू मुलीकडे परत येतात; शेवटी तिच्या वयाचे इतर प्रश्न हाताळले जातात. साधारण वर्षभरात 18 ते 20 बैठका होतात. हे जमले नाही, तर वैयक्तिक मानसोपचार. हा आजार बरा करणारे औषध नाही.

वऱ्हाडासाठी ही पद्धत विशेष मोलाची आहे, कारण तिचा मुख्य भाग घरातच पार पडतो. मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि नियमित वजन-नाडी तपासणारा गावातला डॉक्टर, एवढ्यांनी एकमेकांशी बोलत राहायला हवे.

नाडी मिनिटाला 50 च्या खाली गेली, भोवळ येऊ लागली, पाणीही नाकारले किंवा आत्महत्येचे विचार आले, तर दाखल करणे अटळ. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी रक्त तपासून आहार वाढवता येतो. फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपेट खाऊ घातल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदय बंद पडू शकते. मेळघाटातल्या तीव्र कुपोषित बालकांनाही याच धोक्यामुळे आधी कमी उष्मांकाचे दूध थोडे थोडे देतात.

सल्ल्यासाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येते.