क्लूलेस (चित्रपट)

क्लूलेस हा १९९५ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन विनोदी चित्रपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन एमी हेकरलिंग यांनी केले असून प्रमुख भूमिकेत ॲलिशिया सिल्व्हरस्टोन आहे. बेव्हर्ली हिल्स येथील शेर होरोविट्झ या श्रीमंत व लाडावलेल्या शाळकरी मुलीचे फसलेले उपद्व्याप हा चित्रपटाचा विषय होय. जेन ऑस्टिन यांच्या 'एमा' या कादंबरीचे हे आधुनिक रूपांतर आहे.

कथानक

शेर ही मेल होरोविट्झ या नामांकित वकिलाची एकुलती एक मुलगी. चरबी काढण्याच्या साध्या शस्त्रक्रियेत आईचा मृत्यू झाल्यानंतर घराची सूत्रे जवळजवळ तिच्याच हाती आली आहेत. कपडे निवडण्यासाठी तिच्या खोलीत संगणक आहे आणि वाहन परवाना नसतानाही स्वतःची मोटार आहे. वडिलांकडून उचललेल्या वकिली युक्तिवादाच्या बळावर कोणताही निर्णय बदलून घेता येतो, अशी तिची खात्री आहे. वादविवादाच्या विषयात कमी गुण मिळाल्यावर ती शिक्षक मिस्टर हॉल आणि अविवाहित सहशिक्षिका मिस गाइस्ट यांचे प्रेम जुळवून देते. हॉल यांचा स्वभाव मवाळ होतो आणि सर्वांचेच गुण वाढतात.

या यशाने उत्साहित होऊन शेर आणि तिची मैत्रीण डिऑन शाळेत नव्याने आलेल्या साध्याभोळ्या ताय फ्रेझरला 'सुधारण्याचे' काम हाती घेतात. तायला स्केटबोर्ड खेळणारा ट्रॅव्हिस आवडतो. पण तो आपल्या तोलाचा नाही असे ठरवून शेर तिला एल्टन या श्रीमंत मुलाकडे वळवते. एल्टनचे लक्ष मात्र शेरवरच असते. तिने नकार दिल्यावर तो तिला रात्री एका निर्जन वाहनतळावर सोडून निघून जातो. तेथे पिस्तुलाचा धाक दाखवून तिला लुटले जाते, आणि जमिनीवर पालथे पडण्याची वेळ आली असतानाही तिला चिंता वाटते ती अंगावरच्या महागड्या पोशाखाची.

पुढे शेर स्वतः ख्रिश्चन या देखण्या मुलाच्या प्रेमात पडते. तो समलिंगी आहे हे तिच्याखेरीज इतरांच्या केव्हाच ध्यानात आलेले असते. वाहन चालवण्याच्या परीक्षेत ती नापास होते आणि परीक्षकापुढे तिचे वकिली कौशल्य प्रथमच निष्फळ ठरते. त्याच दिवशी ताय तिला सांगते, की आपले मन जॉशवर बसले आहे. जॉश हा मेल यांच्या घटस्फोटित पत्नीचा आधीच्या विवाहातील मुलगा. शेरच्या उथळपणावर तो सतत टीका करत असतो. तायच्या कबुलीने शेर अस्वस्थ होते, दोघींचे भांडण होते आणि एकटीच भटकत असताना आपले जॉशवर प्रेम असल्याचे तिला उमगते. ती शाळेतील आपत्तिग्रस्त मदतकार्याची जबाबदारी घेते, ताय व ट्रॅव्हिस एकत्र येतात आणि चित्रपट हॉल–गाइस्ट विवाहसोहळ्याने संपतो.

प्रमुख कलाकार

शेर – ॲलिशिया सिल्व्हरस्टोन
जॉश – पॉल रड
ताय – ब्रिटनी मर्फी
डिऑन – स्टेसी डॅश
मेल होरोविट्झ – डॅन हेडाया
मिस्टर हॉल – वॉलेस शॉन

कादंबरीशी संबंध

'एमा' ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये प्रकाशित झाली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचा उल्लेख नसला, तरी दोहोंची रचना समांतर आहे. शेर म्हणजे एमा, ताय म्हणजे हॅरिएट स्मिथ, जॉश म्हणजे नाइटली आणि ट्रॅव्हिस म्हणजे शेतकरी रॉबर्ट मार्टिन. फ्रँक चर्चिलचे कादंबरीतील रहस्य म्हणजे त्याचा गुप्त वाङ्‌निश्चय. ख्रिश्चनच्या बाबतीत त्याची जागा समलिंगी असण्याने घेतली आहे. एल्टनचे नाव मात्र तसेच ठेवले आहे.

ऑस्टिन यांच्या खेड्यातील जमीनदारी उतरंड येथे शाळेतील प्रतिष्ठेच्या उतरंडीत रूपांतरित होते. कादंबरीत एमा गरीब मिस बेट्सचा सर्वांसमक्ष उपहास करते आणि नाइटली तिची कानउघाडणी करतो. चित्रपटात शेर एल साल्व्हादोरहून आलेल्या मोलकरणीला बेफिकीरपणे मेक्सिकन समजते व जॉश तिला फटकारतो. दोन्ही ठिकाणी नायिकेचा दोष दुष्टपणाचा नसून, सुखवस्तूपणामुळे इतरांकडे नीट न पाहण्याचा आहे. चित्रपटाच्या शीर्षकाचा रोखही याच अजाणतेपणावर आहे.

निर्मिती

हेकरलिंग यांनी १९८२ मध्ये 'फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय' हा शालेय जीवनावरील चित्रपट दिग्दर्शित केला होता. 'क्लूलेस'ची कल्पना प्रथम दूरचित्रवाणी मालिकेसाठी मांडली गेली. फॉक्सने ती सोडून दिल्यानंतर पॅरामाउंटने चित्रपटाची निर्मिती केली. एरोस्मिथ या वाद्यवृंदाच्या एका गाण्याच्या चित्रफितीत हेकरलिंग यांनी सिल्व्हरस्टोनला पाहिले होते. वादविवादाच्या प्रसंगात सिल्व्हरस्टोनने 'हैतियन' या शब्दाचा चुकीचा उच्चार खरोखरच अजाणता केला; तो पात्राला शोभत असल्याने दिग्दर्शिकेने दुरुस्त करू दिला नाही.

भाषा आणि वेशभूषा

संवादांसाठी हेकरलिंग यांनी बेव्हर्ली हिल्समधील शाळेत बसून मुलांचे बोलणे ऐकले आणि त्यात स्वतः घडवलेल्या शब्दांची भर घातली. 'ॲज इफ' हा तिरस्कारदर्शक उद्गार चित्रपटामुळे सर्वतोमुखी झाला. दुरून सुंदर पण जवळून विस्कळीत दिसणाऱ्या व्यक्तीला शेर चित्रकार मोने यांचे नाव देते. मोना मे यांनी केलेली वेशभूषा त्या काळच्या ढगळ, मळकट 'ग्रंज' पद्धतीच्या अगदी विरुद्ध होती. शेरचा पिवळ्या चौकड्यांचा पोशाख आजही ओळखला जातो.

प्रतिसाद आणि प्रभाव

१९ जुलै १९९५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे ५.६ कोटी डॉलरचे उत्पन्न मिळवले. पटकथेसाठी हेकरलिंग यांना नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सचा पुरस्कार मिळाला. १९९६ ते १९९९ या काळात याच नावाची दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. तीत शेरची भूमिका रेचल ब्लँचर्ड हिने केली. २०१८ मध्ये न्यू यॉर्क येथे संगीत नाट्यरूपही सादर झाले. भारतात 'एमा'वर आधारित 'आयशा' (२०१०) हा हिंदी चित्रपट निघाला. राजश्री ओझा दिग्दर्शित या चित्रपटात दिल्लीतील उच्चभ्रू वर्गातील नायिकेची भूमिका सोनम कपूर हिने केली. नायिकेच्या चैनी राहणीवरील भर व शहरी वातावरण यांमुळे त्याची तुलना 'क्लूलेस'शी करण्यात आली.